तेरेझाच्या पोर्तोची नक्कल

गेल्या फेब्रुवारीत इथे पासिर रिसच्या घरी कपडे वाळत घालत असताना मला पोर्तोहून एक मेसेज आला. पोर्तो हे पोर्तुगालमधलं नदीकाठचं शहर, आणि मेसेज करणारी इनेश ही आमच्या तिथल्या गाईडची, तेरेझाची मुलगी. आईला पक्षाघाताचा झटका येऊन पाच महिने झाले, असं तिने लिहिलं होतं. ती चालते, जेवते, सगळं समजतं तिला, पण बोलता येत नाही. शब्द तोंडापर्यंत येऊन तिथेच थांबतात. इनेश रोज संध्याकाळी तिला काहीतरी वाचून दाखवते. आईचं लक्ष लागत नाही. एकदा इनेशने आईच्याच टूरमधली एक गोष्ट सांगायला घेतली, तेव्हा मात्र ती खुर्चीत सरसावून बसली. पण इनेशला ती गोष्ट अर्धीच येत होती. शेवटी तिने विचारलं होतं, "तुम्ही अकरा वसंत तिच्या शेजारी उभ्या होतात. ती लोकांना काय सांगायची, ते तुमच्याकडे असेलच ना?"

माझ्याकडे नव्हतं. तिच्याबरोबर काढलेले फोटो होते, हॉटेलांच्या याद्या होत्या, पोर्तोत कुठल्या चौकात बस किती मिनिटं थांबू देतात तेही होतं. तेरेझाचं बोलणं नव्हतं. ते का नव्हतं, हे आपल्या मराठी मंडळाच्या या अंकात लिहून टाकावं म्हणते. माझ्याबरोबर आलेली बरीच मंडळी हा अंक वाचतात. त्यांनाही कळलेलं बरं.

माझं ऑफिस पाया लेबारला होतं, दुसऱ्या मजल्यावर, दोन टेबलांचं. खिडकीत ट्युलिपचं एक पोस्टर होतं, जे ऊन लागून लागून निळं पडलं होतं. विषुववृत्ताजवळच्या आपल्या या बेटावर, बारा महिने एकच ऋतू असलेल्या गावात, वसंत विकणं अवघड नसतं. जानेवारी लागला की फोन सुरू व्हायचे. थंडी हवी पण बोचरी नको, फुलं हवीत पण गर्दी नको. मुलांच्या शाळा असलेली कुटुंबं मार्चच्या सुट्टीत जायची, आणि आईवडील इकडे राहायला आलेले असले की त्यांना एप्रिलमध्ये माझ्या हवाली करायची. एका आयटी मॅनेजरने मला फुलं नेमकी कुठल्या तारखेला उमलतात ते लेखी मागितलं होतं. मी लिहून दिलं, "झाडांकडून अजून कन्फर्मेशन आलेलं नाही." ते हसले नाहीत, पण बुकिंग केलं.

या धंद्यात दोन वेगळ्या बायका असतात हे बाहेरच्यांना माहीत नसतं. एक मी, म्हणजे टूर लीडर. विमानतळापासून विमानतळापर्यंत माणसं मोजणारी. दुसरी लोकल गाईड, जी त्या त्या शहरात भेटते, दोन-तीन तास पायी फिरवते आणि हात हलवून घरी जाते. शहर तिचं असतं. लोकांना वाटतं गाईड निवडताना आम्ही तिचं ज्ञान बघतो. मी चाल बघायची. सत्तरीच्या माणसांना घेऊन चढावर किती पावलांनी थांबायचं, बाक कुठे आहेत, दार उघडं असलेलं स्वच्छतागृह कुठे आहे, हे जिला न विचारता कळतं ती चांगली गाईड. राजेरजवाडे कुणालाही पाठ करता येतात.

आपली माणसंही राजेरजवाड्यांत फारशी रमत नाहीत. प्रागच्या गाईडला मी दर वर्षी आधीच सांगून ठेवायची की चर्चबद्दल प्रश्न येणार नाहीत. तुझा फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, सासू जवळ राहते का, आणि इतक्या थंडीत दही कसं लागतं, हे येतील. ती तयार होऊन यायची. दह्याचं उत्तर तिने तिच्या आजीला विचारून आणलं होतं.

व्हिएन्नाला पुण्याचे एक गृहस्थ गाईडच्या प्रत्येक वाक्यानंतर "तसं नाही ते" म्हणायचे. सगळं वाचून आले होते. तिसऱ्या चौकात गाईडने आपली छत्री शांतपणे त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, पुढचं तुम्ही दाखवा. गृहस्थांनी छत्री उंच धरली आणि आम्हाला दहा मिनिटं चालवून एका लाँड्रीपाशी नेऊन उभं केलं. गाईड सगळ्यात मागून येत होती. त्यांनी छत्री दोन्ही हातांनी परत केली. नंतरचे चार दिवस तो गट जितका शिस्तीत होता, तितका मी आधी कधी पाहिला नव्हता.

आता माझ्याकडे येते. आमच्या ज्येष्ठांपैकी निम्म्यांना गाईडचं इंग्रजी कळायचं नाही. इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण पोर्तुगीज किंवा चेक वळणाचं इंग्रजी कानाला लागायचं नाही. म्हणून गाईड बोलली की तिच्या शेजारी उभी राहून मी मराठीत सांगायची. या कामाचा मला अभिमान होता. गाईड सहा मिनिटं बोलायची, मी दोन वाक्यांत आटपायची. "हे सहाशे वर्षांपूर्वीचं चर्च आहे. आत बाकं आहेत, पाय दुखत असतील त्यांनी बसा." बस वीस मिनिटांच्या वर उभी करता येत नाही, दोघींना मधुमेह आहे, एकाला जेवणाची वेळ पाळावी लागते. हे सगळं डोक्यात असताना कुठल्या राजाचा कुठला पुतण्या होता ते कुणाला हवंय? गाईडचं बोलणं चालू असायचं तेव्हा मी माणसं मोजत असायची. एक कान तिच्याकडे, तोही वाक्य संपलं की नाही हे कळण्यापुरता.

सगळे खूश असायचे. एक बाई सोडून.

सुमन कांबळे, हिंगणघाटच्या. मी त्यांना काकू म्हणते. मुलगा इथे संशोधक, बेडोकला राहतो. आईला रिटायरमेंटनंतर त्याने माझ्या स्पेन-पोर्तुगाल टूरवर पाठवलं. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. बारीक चण, पांढरं पातळ, पायात बूट, आणि खांद्याच्या पिशवीत एक लांब वही. कुणाशी जास्त बोलायच्या नाहीत. पोर्तोत तेरेझाची पिवळी छत्री दिसली तशा त्या तिच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

नदीकाठच्या गल्लीत तेरेझा एका भिंतीपाशी थांबली. भिंतीवर कमरेच्या वर एक रेघ होती. ती बराच वेळ बोलली. हाताने पाणी दाखवलं, डोक्यावर टोपली दाखवली, जिना दाखवला, मध्येच हसली. मी म्हटलं, "पूर्वी इथपर्यंत पुराचं पाणी यायचं. फोटो काढून घ्या, पुढे उतार आहे, जपून."

काकू हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बाकीचं कुठं गेलं?"

मी विचारलं, कुठलं बाकीचं.

"त्या बाई इतकं बोलल्या. तू इतकंसं दिलंस. मधलं कुठं गेलं?"

मी सांगितलं की त्यात महत्त्वाचं काही नव्हतं.

"हे तू ठरवलं?" काकू म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता. "मी तालुका कोर्टात एकतीस वर्षं नक्कल विभागात होते. लोक अर्ज करत, आम्ही कागदाची नक्कल करून देत असू. शिक्का असला तर शिक्का, खाडाखोड असली तर खाडाखोड. कोणती ओळ कामाची, हे नक्कल करणाऱ्यानं ठरवायचं नसते. नक्कल अर्धी देता येत नाही."

मी हसून वेळ मारून नेली. रात्री जेवताना त्या माझ्या टेबलावर आल्या आणि त्या भिंतीपाशी नक्की काय बोलणं झालं ते विचारलं. मला सांगता येईना. लपवत होते असं नाही, मी ऐकलंच नव्हतं. ते त्यांना कळलं. जाताना म्हणाल्या, उद्या सकाळी सगळ्यांना मोकळा वेळ आहे ना, तर मला त्या बाई पुन्हा हव्यात. आणि तू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी फिरलो. पाऊस येत जात होता. काकूंनी नियम घालून दिला. तेरेझाने एक वाक्य बोलायचं, मी ते मराठीत सांगायचं, काकूंनी लिहून घेईपर्यंत दोघींनी गप्प बसायचं. तेरेझा सुरुवातीला बावचळली. मग तिला मजा यायला लागली. तिने कधी सांगितल्या नव्हत्या त्याही गोष्टी निघाल्या. निळ्या टाइल्सच्या स्टेशनात तिचे वडील हमाल होते. तिची आई डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायची, आणि उतारावरून इतक्या जोरात ओरडायची की वरच्या मजल्यावरच्या बायका आधीच दोरीने परडी सोडून ठेवायच्या.

आणि भिंतीवरच्या त्या रेघेची गोष्ट. तेरेझा पाच वर्षांची असताना नदीचं पाणी गल्लीत शिरलं. आईने आजीला वरच्या मजल्यावर नेलं, शिवणाचं मशीन नेलं, दिवा नेला. शेवटच्या खेपेला बघते तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर शेजारणीची काळी कोंबडी. या शेजारणीशी आईचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. आईने कोंबडी उचलली आणि वर नेऊन माशांच्या टोपलीत ठेवली. रात्री कोंबडीने अंडं दिलं. पाणी ओसरल्यावर आई कोंबडी आणि अंडं दोन्ही घेऊन शेजारणीच्या दारात गेली. शेजारीण म्हणाली, अंडं तुझ्या घरात दिलंय, तुझं आहे. यावर दोघी भांडल्या. तेरेझा सांगायची, सहा वर्षांनी त्या दोघी पुन्हा भांडायला लागल्या, म्हणजे पुन्हा बोलायला लागल्या.

हे सांगून झाल्यावर तेरेझाने मला विचारलं, "ही तर मी दर वर्षी सांगते. या बाई इतक्या आश्चर्याने का लिहितायत?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण काकूंना इंग्रजी थोडं कळतं, आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी खरं सांगितलं. इतकी वर्षं मी ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

"मग तू त्यांना काय सांगायचीस?"

"पुढे उतार आहे, जपून चाला. आणि स्वच्छतागृह कुठे आहे."

तेरेझा ओरडली नाही. छत्री मिटली, पाणी झटकलं, पुन्हा उघडली. "तरीच," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमचे लोक कोंबडीला हसत का नाहीत." मग पुढच्या कोपऱ्यापर्यंत ती आमच्या पुढे चालत गेली. कोपऱ्यावर पुन्हा सुरू झाली, एकेक वाक्य, काकूंच्या वहीच्या वेगाने.

त्यानंतरच्या दोन टूरना मी सुधारले असं म्हणायला मला आवडेल. थोडी सुधारले. मग टूर थांबल्या, जग थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा लोक फोनवरून स्वतःच सगळं बुक करू लागले होते, आणि मी पाया लेबारचं ऑफिस बंद केलं. ट्युलिपचं पोस्टर मात्र घरी आणलं. का, ते विचारू नका.

इनेशचा मेसेज आला तेव्हा मला सगळ्यात आधी काकूंची वही आठवली. फोन केला. त्या मुलाकडे आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या शेडमध्ये, भेटलो. त्या कोपी, म्हणजे इथली कॉफी, कडक पितात, बिनसाखरेची. मी सगळं सांगितलं आणि वही मागितली.

"वही मिळणार नाही," काकू म्हणाल्या. "नक्कल मिळेल. अर्ज कर."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढून पुढे ठेवला. मी लिहिलं. विषय, नक्कल मिळणेबाबत. खाली त्यांनी बोट ठेवलं, कारण लिही. मी लिहिलं, "कामासाठी." त्यांनी कागद फिरवून वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. "कारण त्रोटक आहे."

शेजारच्या टेबलावर दोन आजोबा नूडल्स खात होते. मी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसले. मग लिहिलं, "मूळ सांगणारीला आता बोलता येत नाही. सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही. तिच्या मुलीला हवं आहे."

काकूंनी चष्मा लावून वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. "ये शनिवारी."

पुढचे पाच शनिवार मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसले. त्या वाचायच्या, मी इंग्रजीत लॅपटॉपवर उतरवायची. अशी वही मी पाहिली नव्हती. डाव्या बाजूला समास, समासात जागा आणि वेळ. मजकुरात कंसातल्या नोंदी. (येथे सांगणाऱ्या बाई हसल्या.) (येथे ट्राम गेली, शब्द ऐकू आले नाहीत.) (तिकडे पदर नसतो, एप्रन असतो. पदर समजावा.) आणि चार ठिकाणी, एकाच हस्ताक्षरात, कुठलाही रोष न दाखवता: (भाषांतर करणारी घड्याळ बघते.)

चौथ्यांदा ते वाचून झाल्यावर मी म्हटलं, हे इंग्रजीत घालायचं का? काकू म्हणाल्या, "मुळात आहे तर आहे." घातलं.

सगळं उतरवून झाल्यावर मी लगेच पाठवायला निघाले. काकूंनी लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. रुजुवात झाल्याशिवाय नक्कल बाहेर जात नाही, म्हणाल्या. रुजुवात म्हणजे एकाने नक्कल मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट फिरवत ताळा घ्यायचा. मी म्हटलं, घेऊ या, आपण दोघी आहोतच.

"आपण दोघी नकलेच्या बाजूच्या. मूळ तिकडं आहे."

म्हणून रविवारी इथल्या दुपारी आणि तिथल्या सकाळी इनेशने व्हिडिओ कॉल लावला. तेरेझाचे केस आखूड कापले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, डावा टेबलावर. मागे दाराच्या खुंटीला पिवळी छत्री. मला बघून तिच्या चेहऱ्याची एक बाजू हसली. इनेशने तिला समजावलं, मी वाचणार आहे, चुकलं तर बोट वर कर.

मी वाचायला लागले. हमाल वडील, परडी सोडणाऱ्या बायका. घड्याळ बघण्याच्या पहिल्याच नोंदीला तेरेझाचे खांदे हलले, इनेश मोठ्याने हसली. काकू माझ्या शेजारी वही उघडून बसल्या होत्या. मग पूर आला. आजी वर गेली, मशीन गेलं, दिवा गेला, तिसऱ्या पायरीवर कोंबडी. आईने कोंबडी उचलली आणि वर नेऊन टोपलीत ठेवली.

तेरेझाचं डाव्या हाताचं बोट वर गेलं.

मी थांबले. ते वाक्य पुन्हा वाचलं. बोट वरच. इनेशने विचारलं, कोंबडी काळी नव्हती का? तेरेझाने मान हलवली, तसं नाही. टोपली नव्हती का? तसंही नाही. ती तोंड उघडत होती, मिटत होती. डोळ्यांत पाणी आलं, रडण्याचं नव्हे, चिडल्याचं. इनेश म्हणाली, राहू दे आई, पुढे जाऊ. बोट खाली येईना.

काकूंनी वहीवर बोट ठेवलं. "एक ओळ राहिली तुझी," त्या मला म्हणाल्या.

त्या ओळीवर माझी नजर गेली आणि मला आठवलं. उतरवताना ती वाचली होती, अनावश्यक वाटली होती, आणि मी सोडून दिली होती. कुणी सांगितलं नव्हतं. घाई नव्हती. बस कुठेच उभी नव्हती. वर तुम्हालाही ही गोष्ट मी सांगितली. त्यातही ती ओळ नाही, हवं तर पाहा.

मी वहीतून थेट इंग्रजीत वाचलं. "खाली पाणी चढत होतं, तरी आई जिन्यात थांबली. कोंबडीचे दोन्ही पाय आपल्या एप्रनला नीट पुसले. मग तिला टोपलीत ठेवलं."

तेरेझाने बोट खाली घेतलं. मग डाव्या हाताने, आपल्या पदराच्या जागी असलेल्या स्वेटरच्या टोकाला, तिने हवेतले दोन छोटे पाय पुसले. एक, मग दुसरा. इनेशने तिच्याकडे बघत विचारलं, हे मला कधीच का नाही सांगितलंस?

राहिलेलं सगळं मी वाचलं. दोन तास लागले. बोट पुन्हा वर गेलं नाही.

कॉल संपल्यावर, ती ओळ घालून छापलेल्या प्रतीचं शेवटचं पान काकूंनी पुढे ओढलं आणि खाली मराठीत लिहिलं. नक्कल करणार, सुमन कांबळे. रुजुवात घेणार, तेरेझा. मग पेन माझ्याकडे दिलं. मी तिसरी ओळ लिहिली, भाषांतर करणार, आणि सही केली. सवयीने मनगटाकडे नजर गेली.

"वेळ नको," काकू म्हणाल्या. "तारीख टाक."